धूमकेतू आणि लघुग्रह : सख्खे भाऊ की नुसते शेजारी? मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमागचं खरं काय

आष्टा : ऊसतोडी जोरात सुरू आहेत, गव्हा-हरभऱ्याला पाणी चाललंय आणि थ्री फेज लाइट रात्रीची असली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन रानात जावंच लागतं. अशा वेळी वर आकाशात एखादी रेघ झर्रकन ओढली गेली की पाणी धरणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो, 'तारा तुटला.' दुसरा विचार हल्ली मोबाइलमुळे येतो, 'हा तो मेसेजमधला धूमकेतू तर नव्हं?'

मेसेजही कमी नाहीत. 'अंतराळातून यान येतंय', 'मुंबईवर लघुग्रह पडणार', 'शेंडीचा तारा दिसला, आता काही खरं नाही', असं काहीबाही आष्टा, बागणी, कारंदवाडी, बावची भागातल्या ग्रुपवर फिरत असतं. एका मेसेजमध्ये धूमकेतू म्हणतात, त्यालाच दुसऱ्या मेसेजमध्ये लघुग्रह म्हणतात. वाचणारा गोंधळतो आणि गोंधळलेला माणूस लवकर घाबरतो. म्हणून मुळात हे दोघं कोण आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे जरा सावकाश समजून घेऊ.

नाव ठेवलं ते रूप बघून

आधी सोपी व्याख्या. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगडाचा किंवा धातूमिश्रित दगडाचा गोळा. धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि दगड एकत्र थिजलेला गोळा. हा सूर्याजवळ आला की त्यातला बर्फ तापतो, त्याची थेट वाफ होते. ती वाफ आपल्याबरोबर धूळ घेऊन बाहेर पडते आणि मागं लांबलचक शेपूट दिसते. धूम म्हणजे धूर, केतू म्हणजे झेंडा. धुराचा झेंडा फडकवत जाणारा तो धूमकेतू.

शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं आणि ते चूक नाही. पण ही नावं कशी पडली ते बघा. पहिला लघुग्रह सेरेस १ जानेवारी १८०१ रोजी सापडला. त्या काळी दुर्बिणीतून जो ठिपक्यासारखा, ताऱ्यासारखा दिसेल त्याला लघुग्रह म्हणायचं आणि ज्याच्याभोवती धुकट वलय किंवा शेपूट दिसेल त्याला धूमकेतू म्हणायचं, असं ठरत गेलं. म्हणजे नाव ठेवलं ते बाहेरचं रूप बघून. आत काय भरलंय ते कुणी जाऊन पाहिलं नव्हतं.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत यानं तिथपर्यंत जाऊन आली, मोठ्या दुर्बिणी आल्या आणि गंमत झाली. धूमकेतू म्हणून नोंदवलेले काही गोळे लघुग्रहासारखे निघाले आणि लघुग्रह म्हणून नोंदवलेल्या काहींना शेपूट फुटली.

दोघांचा जन्म एकाच मातीतला

सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य तयार झाला तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची मोठी तबकडी फिरत होती. ग्रह, लघुग्रह, धूमकेतू सगळे त्याच तबकडीतून घडले. फरक पडला तो सूर्यापासूनच्या अंतरानं.

गुऱ्हाळावर ज्यानं रात्र काढलीय त्याला हे लगेच कळेल. चुलवाणाजवळ ओलं पोतं टाकलं तर घटकाभरात वाळून कडक होतं. तेच पोतं पलीकडं बांधावर टाकलं तर सकाळपर्यंत दवानं भिजून चिंब. आग एकच, पोतं तेच, फरक अंतराचा. सूर्याजवळ पाण्याची वाफ होऊन जायची, तिथं कोरडे दगड उरले. लांब, थंडीत पाणी गोठून धुळीबरोबर चिकटलं, तिथं बर्फाळ गोळे झाले. जिथून पुढं पाणी गोठू शकत होतं ती सीमा साधारण मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात होती, असं शास्त्रज्ञ मानतात.

आज बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरूच्या मधल्याच पट्ट्यात फिरतात. धूमकेतूंचे साठे फार लांब आहेत. एक नेपच्यूनच्या पलीकडे आणि दुसरा त्याहून कितीतरी दूर, सूर्यमालेच्या वेशीवर. आजवर चौदा लाखांच्या आसपास लघुग्रह नोंदवले गेलेत, धूमकेतू मात्र सुमारे चार हजारच.

पण बांधावरच्या पोत्याची सीमा काही सुतळी लावून आखलेली नसते. कडेला अर्धवट ओली, अर्धवट कोरडी अशी जागा असतेच. शिवाय सुरुवातीच्या काळात सामान इकडचं तिकडं झालं. 'स्टारडस्ट' नावाच्या यानानं २००४ साली 'विल्ड २' या धूमकेतूजवळून धूळ गोळा केली आणि २००६ मध्ये पृथ्वीवर आणली. त्या धुळीत अशी खनिजं सापडली, की जी फक्त सूर्याजवळच्या प्रचंड उष्णतेतच तयार होतात. बर्फाच्या गोळ्यात भट्टीतली राख सापडावी तसा हा प्रकार.

रस गेला, चिपाड उरलं

आता पहिला नातेसंबंध. म्हातारा धूमकेतू लघुग्रहासारखा होतो.

धूमकेतू जेव्हा जेव्हा सूर्याजवळून जातो तेव्हा त्याचा थोडा बर्फ उडून जातो. उडताना सगळी धूळ बाहेर जात नाही, काही जड धूळ परत वरच बसते. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या की वर धुळीचा जाड थर साचतो. जत्रेत बर्फाची लादी लाकडाच्या भुशात झाकून ठेवतात, तशातली गत. भुसा उष्णता आत जाऊ देत नाही, बर्फ आत तसाच राहतो. धूमकेतूचंही तेच होतं. वरचा थर इतका जाड होतो की आतला बर्फ सुटत नाही, किंवा बर्फ खरोखरच संपून जातो. मग ना धुकं, ना शेपूट. दुर्बिणीतून नुसता काळा ठिपका.

उसाचा रस काढला की चिपाड उरतं. चिपाड बघून कुणी म्हणेल हा ऊस नाही, पण ते उसाचंच असतं. तसे काही 'लघुग्रह' हे मुळात रस गेलेले धूमकेतू आहेत.

याचं नोंद असलेलं उदाहरण आहे. १९४९ साली 'विल्सन-हॅरिंग्टन' नावाचा एक धूमकेतू शेपटीसह दिसला आणि हरवला. १९७९ मध्ये एक नवा लघुग्रह सापडला. १९९२ मध्ये जुन्या फोटोंशी ताळा घेतला तेव्हा कळलं की दोन्ही एकच. आता त्याचं नाव दोन्ही वह्यांत आहे, धूमकेतूंच्याही आणि लघुग्रहांच्याही.

वरून भेगाळलेलं रान, खाली ओल

दुसरा नातेसंबंध उलटा. लघुग्रहाला शेपूट फुटते.

काळ्या रानात मे महिन्यात वरची माती भेगाळलेली असते, पण हातभर खणलं की ओल लागते. काही लघुग्रहांचं तसंच निघालं. १९७९ मध्ये सापडलेला एक साधा लघुग्रह १९९६ साली शेपटीसह दिसला. त्याला 'एल्स्ट-पिझारो' म्हणतात. तो लांबून आलेला पाहुणा नव्हता, मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातलाच रहिवासी होता. पुढं असे आणखी सापडले. त्यांना 'मुख्य पट्ट्यातले धूमकेतू' असं नाव पडलं. त्यातल्या 'रीड' नावाच्या एकाभोवती जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीला पाण्याची वाफ सापडली, हे २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यातही आत बर्फ टिकून आहे, याचा पुरावा मिळाला.

पण प्रत्येक शेपूट बर्फाचीच असते असं नाही, इथं सावध राहायला हवं. दोन लघुग्रह एकमेकांवर आदळले तरी धूळ उडून शेपटीसारखी दिसते. माणसानंही हे करून पाहिलंय. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेनं 'डार्ट' नावाचं यान मुद्दाम 'डायमॉर्फस' या छोट्या लघुग्रहावर आदळवलं. त्याची फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली आणि मागं हजारो किलोमीटर लांब धुळीची शेपूट पसरली. तिथं बर्फाचा काही संबंध नव्हता. ट्रॅक्टर मातीच्या वाटेनं गेला की मागं धुरळा उठतो, तेवढंच.

तिसरा प्रकार अधेमधे राहणाऱ्यांचा. १९७७ साली शनी आणि युरेनसच्या भागात 'कायरॉन' सापडला, तेव्हा त्याला लघुग्रह म्हटलं. दहा-बारा वर्षांनी त्याच्याभोवती धुकं दिसलं आणि तो धूमकेतूही ठरला. आजच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की एका टोकाला सगळा बर्फाळ धूमकेतू आणि दुसऱ्या टोकाला ठणठणीत कोरडा लघुग्रह असतो. मधल्या जागेत सगळ्या प्रकारची सरमिसळ सापडते. या छोट्या गोळ्यांची जागतिक नोंद ठेवणारं कार्यालयही दोघांना मिळून एकच आहे.

डिसेंबरात रानातूनच बघा

या नात्याचा एक नमुना बघायला दुर्बीण लागत नाही. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. एरवी उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागं सांडलेल्या धुळीमुळे होतात. ऊस भरलेली ट्रॉली रस्त्यानं जाताना कांड्या सांडत जाते आणि मागून येणारी गाडी त्यावरून जाते. तशी पृथ्वी दरवर्षी त्याच तारखेला त्या धुळीच्या वाटेतून जाते. कण हवेत शिरतात, साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर जळतात आणि आपण म्हणतो तारा तुटला.

डिसेंबरच्या वर्षावाचा मालक मात्र बरीच वर्षं सापडत नव्हता. १९८३ साली एका उपग्रहाला 'फेथॉन' नावाचा गोळा दिसला आणि त्याची वाट या धुळीशी तंतोतंत जुळली. पण फेथॉन धूमकेतू नाही, लघुग्रह आहे. सुमारे पाच-सहा किलोमीटरचा हा दगड दर १७ महिन्यांनी सूर्याला अगदी जवळून, दोन कोटी किलोमीटरच्या आसपास अंतरावरून वळसा घालतो. तिथं त्याचा पृष्ठभाग ७०० अंशांहून जास्त तापतो. पाण्याचा बर्फ एवढ्या तापात टिकणं शक्यच नाही. सूर्याजवळ गेल्यावर त्याला एक फिकट शेपूट येते, ती धुळीची नसून सोडियमच्या वाफेची आहे, असं २०२३ मध्ये समोर आलं. मग एवढी धूळ सांडली कशी? तो रस गेलेला धूमकेतू आहे, की तापून तडकणारा दगड? यावर अजून वाद चालू आहे. जपानचं एक यान त्याच्याकडे पाठवायची तयारी आहे, तेव्हा उलगडा होईल.

२०२५ मध्ये १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री चंद्रकोर मध्यरात्रीनंतर बरीच उशिरा उगवली. रात्री दहानंतर मोटर चालू करून बांधावर बसलात तर मोबाइल खिशात ठेवा, बॅटरी बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. तासाभरात कितीतरी रेघा मोजता येतील. यातलं काहीही खाली पडत नाही, भिण्याचं कारण नाही. बिबट्याचा वावर असलेल्या भागात मात्र एकट्यानं बसू नका, दोघं-तिघं मिळून जा.

तीन मेसेज आणि त्यांचं उत्तर

पहिला मेसेज, 'परक्याचं यान येतंय.' हे ३आय/अ‍ॅटलास बद्दल आहे. १ जुलै २०२५ रोजी चिलीमधल्या दुर्बिणीला हा सापडला. तो आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला आहे, हे खरं. असा पाहुणा सापडायची ही तिसरी वेळ. पण त्याच्याभोवती धुकं होतं, वायू आणि धूळ बाहेर पडताना दिसली, म्हणजे तो धूमकेतू आहे. १९ डिसेंबर २०२५ च्या सुमाराला तो पृथ्वीला सर्वांत जवळ होता, तेव्हाही अंतर सुमारे २७ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापेक्षाही लांब. नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखा तो नव्हता. बाहेरून आलेला पहिला पाहुणा 'ओमुआमुआ' २०१७ मध्ये दिसला होता. त्याला शेपूट नव्हती, तरी त्याची चाल किंचित वाढली, जणू आतून वायू सुटत असावा. लघुग्रह की धूमकेतू हा प्रश्न तिथंही पडलाच.

दुसरा मेसेज, 'मुंबईवर लघुग्रह पडणार.' डिसेंबर २०२४ अखेर '२०२४ वायआर४' नावाचा लघुग्रह सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती. त्याच्या संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया होता, म्हणून बातम्यांत मुंबईचं नाव आलं. पुढच्या काही दिवसांतच जास्त मोजमापं मिळाली आणि पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जवळपास शून्य झाली. पहिली बातमी सगळ्यांनी फॉरवर्ड केली, दुसरी फार कमी जणांनी.

तिसरा, 'शेंडीचा तारा म्हणजे संकट.' ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्य मावळल्यावर पश्चिमेला एक धूमकेतू दिसला होता, अनेकांनी मोबाइलवर फोटोही काढले. तो आला आणि गेला. कुणाच्या उसाचा उतारा त्यामुळे कमी-जास्त झाला नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले आणि मे २०२५ मध्ये पुण्यात निधन पावलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी 'धूमकेतू' याच नावाची मराठी कथा लिहून ही भीती लोकांसमोर मांडली होती.

मग धोका अजिबात नाही का?

तसंही नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर हे आकाशातून आलेल्या दगडाच्या धडकेनंच तयार झालं. काळ्या कातळात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. आपल्या पायाखालचा काळा दगडही त्याच जातीचा. ज्या काळात हा लाव्हा महाराष्ट्रभर पसरत होता त्याच सुमाराला, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, मेक्सिकोत मोठा गोळा आदळला आणि डायनोसॉर संपले. तो लघुग्रह की धूमकेतू, यावर बरीच वर्षं वाद होता. २०२४ मध्ये त्या थरातल्या रुथेनियम धातूची तपासणी झाली आणि तो गुरूच्या पलीकडे तयार झालेला, कार्बनयुक्त जातीचा लघुग्रह होता, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे घर धूमकेतूंच्या बाजूचं, पण जात लघुग्रहाची. इथंही नातं आडवं आलंच.

पण असे मोठे आघात कोट्यवधी वर्षांत एखादा. त्यासाठी आकाशावर पहारा ठेवणाऱ्या दुर्बिणी आहेत आणि डार्टनं दाखवून दिलंय की वेळेवर कळलं तर धक्का देऊन वाट बदलता येते.

रानात दगड सापडला तर

आकाशातून जमिनीपर्यंत पोचलेल्या दगडाला अशनी म्हणतात. जवळपास सगळे अशनी लघुग्रहांचे तुकडे असतात. नोव्हेंबर १८७९ मध्ये सातारा जिल्ह्यात पडलेला एक अशनी 'कलुंबी' या नावानं जगाच्या यादीत आहे. अलीकडं २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलमध्ये मोठा आवाज होऊन दगड पडले होते. आणि २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशात पेटत्या रेघा दिसल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं कडं पडलं. ते मात्र ना लघुग्रह ना धूमकेतू, ते रॉकेटचे अवशेष होते. उल्का डोळ्याचं पातं लवेपर्यंत जाते, रॉकेटचे तुकडे सावकाश, रांगेनं, बराच वेळ जळत जातात. एवढी खूण ध्यानात ठेवली तरी पुरे.

शेवटचं, खिशाशी संबंधित. 'उल्केचा दगड आहे, कोटीत जातो', 'तांदूळ ओढणारं भांडं आहे' असं सांगून गंडवणारे फिरत असतात. ते लोहचुंबक लावून दाखवतात. आपल्या काळ्या दगडातही लोहखनिज असतं, त्यामुळे तोही थोडाफार चुंबकाला ओढला जातो. नुसत्या चुंबकावर काही सिद्ध होत नाही. अशा व्यवहारात अॅडव्हान्स म्हणून रुपयासुद्धा देऊ नका.

खरोखर काही पडताना दिसलं तर जागेचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, उघड्या हातानं धरू नका, धातूची वस्तू असेल तर लांब राहा आणि पोलीस पाटील, तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवा. देशात अशनींची नोंद आणि जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग करतो. एखाद्या बांधावरच्या मुठीएवढ्या दगडातून हा गोळा ओलाव्यात घडला की कोरड्यात, हे कळू शकतं. तो फोडून वाटून घेतला, की ते सांगणारा एकमेव साक्षीदार गेला.